एक खिडकी, दोन साहेब

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खिडकी डोळ्यांसमोर आणा. लोखंडी गज, खाली हात जाईल एवढी फट, आत टेबल आणि टेबलामागे एक कारकून. वर नवाकोरा फलक: 'धंदा सुरू करा, एकाच खिडकीत!'

रांगेत चिमणी नावाची मुलगी आणि तिची मावशी. मावशीला शिवणकामाचं दुकान काढायचं होतं. गाळ्याच्या मालकाने बजावलं होतं, "आज पाचपर्यंत परवाना दाखवा, नाहीतर गाळा दुसऱ्याला."

सकाळी कारकुनासमोर पाटी होती 'परवाना'.

"आधी विजेची मंजुरी आणा, मग परवाना."

"ती कुठे मिळते, भाऊ?"

"इथेच. जेवणानंतर या."

जेवणानंतर तोच कारकून, तीच खुर्ची. पाटी तेवढी फिरवलेली. मागच्या बाजूला लिहिलं होतं 'वीज'.

"आधी परवाना आणा, मग वीज."

मावशी चाटच पडली. "अहो, सकाळी तुम्हीच तर सांगितलंत!"

"सकाळी मी परवान्याचा होतो, ताई. त्या टेबलाचं मला विचारू नका."

"टेबल तर हेच आहे की!"

"टेबल तेच. नियम वेगळे."

रांगेत खसखस पिकली. मागचा सुतार म्हणाला, "मी तर महिनाभर या दोघांच्या मध्ये लोंबकळतोय." घड्याळात साडेचार वाजले. मावशीचा चेहरा एवढासा झाला.

चिमणी मात्र टक लावून पाटीकडे बघत होती.

"काका, परवान्याचे साहेब विजेच्या साहेबांना ओळखतात का हो?"

"चांगले ओळखतात!" कारकून मिशीत हसला.

"मग दोघांनी एकदमच शिक्के मारले तर? कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही."

कारकुनाने तोंड उघडलं. मनातल्या मनात नियम चाळले. मग हळूच म्हणाला, "तसं करू नका, असं कुठे म्हटलेलं नाही... पण दोघे एकदम बसणार कसे?"

चिमणीने फटीतून हात घातला आणि पाटी अशी काटकोनात फिरवली की एका अंगाला परवाना, दुसऱ्या अंगाला वीज. मावशीचे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी सरकवले. दोन्ही शिक्के शाईत दाबले, एक काकांच्या उजव्या हातात दिला, एक डाव्यात. मग रांगेकडे वळून ती ओरडली, "चला, सगळ्यांनी माझ्याबरोबर मोजा! एक... दोन..."