आवाज खाणारं भूत

गुलजार थिएटरात भूत निघावं म्हणून उत्तमरावांनी सकाळी चक्क देवाला हात जोडले. भूत निघालं तर ठीक, नाहीतर आपला गळा संपला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं हे थिएटर त्यांच्या आजोबांच्या वेळचं. इथे उत्तमराव नुसते कुजबुजले तरी शेवटच्या बाकावर ऐकू जायचं, तेही माईक नसताना. अकोटकडची शेती सांभाळून त्यांनी जन्मभर याच एका गोष्टीवर मिशीला पीळ दिला. आता रविवारी बऱ्याच वर्षांनी नाटक होतं. त्याच्या तालमीसाठी घरात जागा हवी म्हणून त्यांनी बायकोला, माणिकबाईंना, बैठकीत आढ्यापर्यंत भरलेला कापूस हलवायला लावला होता. घर रिकामं झालं, घरच्या तालमीही झाल्या, पण थिएटरात तालीम सुरू झाली आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना. बाकीचे नट मुळातच ओरडून बोलणारे, त्यांचं निभत होतं. उत्तमरावांनी मग भुतावर आळ घेतला आणि सगळ्या गल्लीने तो आनंदाने मान्य केला.

म्हणून आज अमरावतीहून कुंदन आणि आकांक्षा आले होते. दोघं इंजिनिअरिंगला, आणि मोबाइलवर भुतांचे व्हिडिओ टाकायचा नाद. भरदुपारी त्यांनी स्टेजवर यंत्रं मांडली. उत्तमराव लग्नघरातल्या यजमानासारखे मागे-पुढे करत होते. "चहा घ्या, कचोरी घ्या, पन नीट शोधा हं बाप्पा!"

तापमान मोजायचं यंत्र फिरवता फिरवता कुंदन थबकला. "आकांक्षा, पाह्य ना! इथं गरम लागून राह्यलं!"

"भूत थंड असते, येड्या."

"मंग हे गरम हाय!"

उत्तमराव लगबगीने पुढे सरसावले. "असंन! अकोल्याचं भूत हाय, गरमच असंन!" एवढ्या उन्हाळ्यात वाढलेलं भूत थंड कसं राहील, हे त्यांना अगदी पटलं.

यंत्र स्टेजच्या मधोमध सगळ्यात जास्त चढत होतं. त्याच्याखाली तळघर होतं. आवाज घुमावा म्हणून जुन्या लोकांनी तिथे रिकामे रांजण पुरले होते, हे उत्तमरावांनी दोघांना घाईघाईत सांगितलं. सतरंजी ओढली गेली. फळीची कडी तिघांनी मिळून खेचली. फळी करकरत वर आली आणि कुंदनने बॅटरी मारली.

आत काहीतरी पांढरंफटक, फुगलेलं, थेट वर येत होतं.

"आई गंऽऽ!" कुंदन किंचाळला आणि यंत्रासकट मागच्या मागे बसला. आकांक्षा मात्र मोबाइल धरून व्हिडिओ काढत राहिली. उत्तमरावांना भीती वाटायच्या आधी आनंदच झाला. भूत होतं! गळा शाबूत होता!

शेवटच्या बाकावरून माणिकबाई उठल्या. सकाळपासून त्या तिथेच बसून आवाज येतो का ते सांगत होत्या, म्हणजे येत नाही असंच सांगत होत्या. शांतपणे चालत त्या स्टेजवर आल्या आणि आत डोकावल्या.

"अवो, आपलाच कापूस हाय थो."

"आपला? इथं?"

"तुमीच बोल्ले ना, घरातून हलव, कुठीबी ठेव, मले इचारू नोको. नत्थूजवळ चावी होती." नत्थू म्हणजे माणिकबाईंचा भाऊ, थिएटरचा राखणदार. "कोरडी जागा हाय. भाव चढला का काढू म्हटलं."

फळीखाली रांजणच काय, वीतभर जागाही मोकळी नव्हती. सगळं तळघर ठासून भरलं होतं आणि दाबलेल्या कापसाची ऊब वर येत होती. कुंदन नाराज झाला, पण उत्तमरावांनी त्याच्याही हातात गाठोडं दिलं. नटमंडळी धावून आली, नत्थू मान खाली घालून गाठोडी बांधू लागला, आणि तासाभरात सगळ्यांच्या केसांना, भुवयांना कापूस चिकटला. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

उत्तमराव एकटेच हसत नव्हते. भूत गेलं होतं. आता उरला होता तो फक्त त्यांचा गळा, आणि तो तपासायचा बाकी होता.

शेवटचा रांजण रिकामा झाल्यावर माणिकबाई पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नटमंडळी बाजूला सरकली. उत्तमराव मधोमध उभे राहिले. पाठ असलेलं वाक्य ओठांवर येईना. मान खाली घालून ते स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटले, "माणिक, मी लय भेलो होतो व."

मागून लगेच उत्तर आलं. "मले माईत होतं. म्हनून त मी इथून उठली नाई."