तिसरी सीट

डोंबिवलीत शेअर रिक्षात बसणारा माणूस आधी कान देतो. जिचं इंजिन धडधडतंय, ती आता सुटणार! म्हणून सीट भरेपर्यंत रिक्षावाले उगाच धूर काढत बसतात. सुदेशनेही वर्षानुवर्षं तेच केलं. आता त्याने विजेवरची रिक्षा घेतलेली. मागे दोघं बसलेले, एक सीट बाकी.

एक बाई आल्या. "आधी चालू करा, मग बसते."

"चालूच आहे, ताई."

"मला नका शिकवू, रोजची जाते मी," म्हणत त्या शेजारच्या धाकूच्या धडधडत्या, रिकाम्या रिक्षात बसल्या.

सुदेशला राग तरी कसा येणार? ही सवय त्यानेच लावलेली. मागचे दोघं कुरकुरले, तसा तो निघाला. आरशात बाई अजून तिथेच होत्या, नाकाला पदर लावून.