चौकापर्यंत

तिसऱ्या केमोनंतर टेलरकाकूंना सुईत दोरा ओवण्याइतकंही त्राण उरलं नाही. दिवसभर अंथरुणात पडून असायच्या आणि रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. काका घड्याळं दुरुस्त करायचे. बायकोला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हापासून त्यांनी दुकान निम्मं बंदच ठेवलं होतं. काकूंना ते पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसत.

"हेच बदलायला हवं," दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "नुसतं पडून राहिल्यानं हा थकवा जात नाही. डॉक्टरांना विचारलंय मी. रोज थोडं चाला, खुर्चीतून उठबस करा. झोपही हळूहळू सुधारेल. ताप आला किंवा गरगरलं तर मात्र थांबा आणि आम्हाला कळवा."

"रस्त्यात पडली म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणून तर थोडं थोडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चौकापर्यंत जायला निघाल्या.

"एकटीच जाते. तुम्ही दंड धरून चाललात की मी उद्याच जाणार असं वाटतं."

पण त्या जिना उतरल्या तसे काकाही गुपचूप मागे निघाले. पुढे काकूंच्या डोक्याचा रुमाल दिसत होता. मध्येच त्यांनी भिंतीला हात टेकला आणि काका जागीच थांबले. दम खाऊन काकू पुढे चालू लागल्या. काकांच्या डोळ्यांपुढे मात्र अंधारी आली, आणि ते एका बंद दुकानाच्या पायरीवर धपकन बसले.

आवाजानं काकू वळल्या. "अहो, तुम्ही इथे?"

"भाजी आणायला निघालो होतो."

"आणि पिशवी?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. थकवा विसरून त्या भराभर मागे आल्या.

"छातीत दुखतंय का? खरं सांगा."

"नाही गं. झोप नाही. तुझा श्वास चालू आहे ना, ते बघत जागा असतो."

"म्हणजे रात्री तोंडावर वाकलेले असता ते तुम्हीच. मग मला झोप लागणार कशी?"

काकांना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. एकमेकांना धरून दोघं घरी परतले.

त्यानंतर ते रोज बरोबर चालू लागले. अट एकच: वाटेत आजाराचं नाव काढायचं नाही. चौथ्या केमोनंतर काकूंना दारापर्यंतही जाववेना. काकांनी घाबरून फोन केला. "मग आज दारापर्यंतच," बाई म्हणाल्या. "तेही चालणंच आहे." काही दिवसांनी काकू पुन्हा रस्त्यावर आल्या. थकवा होताच, पण बसल्या बसल्या एखादी शिवण घालता येऊ लागली.

मग एका सकाळी ऊन खोलीत आलं तरी काकू उठल्या नाहीत. काकांनी त्यांच्या खांद्याकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. उठवावं तर झोप मोडेल, न उठवावं तर राहवेना. शेवटी ते बाहेर जाऊन बसले.

"उठवलं का नाही?" बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "ऊन किती चढलंय."

काका लगेच उठले नाहीत. आधी त्यांनी डोळे पुसले.