तंबाखूचा रकाना

बत्तीस किलो वजन उतरवलं की लोक शाबासकी देतात, असं मला वाटायचं. मला मिळालं सांत्वन. दीड वर्ष मी भात सोडला, गोड सोडलं, रोज सकाळी नदीकाठी चालायला गेले. साखर ताब्यात आली, गुडघे बोलायचे थांबले, आणि भाजीवालीपासून शाळेतल्या जुन्या शिपायापर्यंत जो तो हळू आवाजात विचारायला लागला, बाई, बरं नाही का, तपासणीत काही निघालं का. अंग उतरलं, पण चेहऱ्याचं कातडं होतं तेवढंच राहिलं. गाल जबड्यावर आले, हनुवटीखाली झोळी लोंबायला लागली. पिंपळगावच्या एका लग्नात नवऱ्याच्या मित्राने मला त्यांची आई समजून वाकून नमस्कार केला. मी एकोणसाठची, नवरा बासष्टचा. त्याच दिवशी ठरवलं की चेहरा वर ओढून घ्यायचा. पैसे माझ्या फंडाचे, तेव्हा कुणाची परवानगी लागणार नव्हती.

ठरवलं खरं, पण मी पहिल्या नंबरची भित्री आहे. पस्तीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. पोरं, मास्तर, केंद्रप्रमुख सगळे मला टरकून असायचे, आणि सुई दिसली की माझेच पाय लटपटायचे. भीती वाटली की मी तक्ता करते, ही जुनी सवय. एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. कुठे कापणार, किती खोल, किती दिवस सूज, किती वर्षं टिकणार, काय बिघडू शकतं. शेवटचा रकाना मी मुद्दाम रुंद ठेवला होता.

गंगापूर रोडला आता किराणा दुकानांइतके चेहऱ्याचे दवाखाने झालेत. पहिल्या दवाखान्यातला डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. तो म्हणाला, कापायचं कशाला, गालात बारीक धागे घालून वर ओढू, दुपारी या आणि संध्याकाळी स्वयंपाकाला लागा. टिकणार किती, तर वर्ष, सव्वा वर्ष. माझं एवढं सैल कातडं त्या धाग्यांना पेलेल का, असं विचारलं तर तो पंख्याकडे बघायला लागला. त्याला मी दहापैकी तीन दिले. दुसऱ्याने छोटं ऑपरेशन सांगितलं. कानापुढे तेवढा काप, भूलही तेवढ्यापुरतीच. पण त्यात मानेचं काही होणार नव्हतं, म्हणजे वर बाई तरुण आणि खाली झोळी तशीच. त्याला पाच.

तिसऱ्या डॉ. निकम. पन्नाशीच्या बाई, कमी बोलणाऱ्या. माझे गाल चिमटीत धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की मला दोनच मार्ग आहेत, दोन्ही मोठे. कापायचं दोन्हींत सारखंच, कानाच्या पुढून खाली येऊन मागे केसांत. फरक आतला. एकात कातडं लांबपर्यंत सुटं करतात, त्याखालचा थर दुमडून टाके घालतात आणि कातडं वरून नीट बसवून उरलेलं कापून टाकतात. दुसऱ्यात त्या थराच्याही खाली जातात आणि कातडं व थर एकत्रच उचलतात. दुसरं जास्त वर्षं टिकतं, गालही जास्त आपले वाटतात. मात्र तिथून चेहरा हलवणारी नस जवळ असते.

नस म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. नस दुखावली तर काय, हे मी तीनदा विचारलं. बाईंनी लपवलं नाही. बहुतेकांचं काही होत नाही, थोड्यांचं तोंड काही महिने वाकडं राहतं, फार क्वचित कायमचं. मला ते क्वचित सोडून दुसरं काही ऐकूच आलं नाही. घरी येऊन आरशासमोर ओठ एका बाजूला ओढून पाहिला आणि तसंच पाणी पिऊन पाहिलं. आठ दिवस मी वही उघडायची आणि मिटायची. शेवटी नसेपासून लांब राहणारी, कातडं सुटं करायची पद्धत निवडली. तिला आठ गुण दिले.

निवड कळवायला गेलो तेव्हा नवनाथराव, माझे यजमान, बरोबर होते. पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये त्यांनी जन्म काढला, मशीन दुरुस्तीला. रात्रपाळीत जागं राहता यावं म्हणून तंबाखू लागली आणि मग सुटेना. ती मी सोडवली. दहा वर्षांपूर्वी घरात पाहुणे बसलेले असताना त्यांच्या खिशातली पुडी काढून गटारात टाकली आणि सगळ्यांदेखत मी त्यांना म्हणाले की उद्या माझ्या पोरीने बापाचा जबडा कापलेला बघायचा का. माणूस खाली मान घालून बसला. नंतर कधी त्याने तंबाखूला हात लावला नाही.

डॉ. निकमांनी फॉर्म पुढे केला. बीपी, साखर, ॲलर्जी. मग सिगारेट, विडी, तंबाखू. नवनाथराव माझ्या आधीच बोलले. म्हणाले, तंबाखूचं नाव काढू नका मॅडम, आमच्या बाईंनी सगळ्या शाळेला शपथ दिलीय, माझीही त्यांनीच सोडवली. डॉ. निकम हसल्या. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

आता खरं सांगते. मी मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. पोरीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणानंतर दाढ ठणकत होती, तेव्हा माझी थोरली नणंद, कुसाआक्का, हिने पहिल्यांदा बोटावर दिली, आणि आजही तीच भाजून डबी भरून देते. आमच्याकडच्या निम्म्या बायका लावतात, आणि तिला तंबाखू कुणीच म्हणत नाही. ते दात घासणं असतं. मीही तसंच म्हणत आले. सकाळी न्हाणीघराचं दार लावायचं, नळ मोठा सोडायचा, खालच्या ओठात पूड धरून दहा मिनिटं बसायचं. शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळा म्हणून पाटी, खाली माझं नाव. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलांना शपथ देताना माझा आवाज कधी कापला नाही, कारण तो रकाना माझा आहे असं मला खरोखरच वाटत नव्हतं.

ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी दवाखान्यातल्या सिस्टरनी सूचनांचा कागद दिला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद. लसणाच्या गोळ्या बंद. घरात कुणी विडी ओढत असेल तर त्याच्या धुरात बसायचं नाही. मी सहज म्हणून विचारलं की नुसत्या धुराने काय होतं. सिस्टर म्हणाल्या, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, सुट्या केलेल्या कातड्याला रक्त पुरत नाही. मग ते मरतं. त्यांनी मोबाईलवर एका बाईच्या कानामागचा फोटो दाखवला. करपलेल्या भाकरीसारखं काळं, आणि कडेने पिवळं. तेव्हा माझ्या पर्समध्ये मशेरीची डबी होती. जिना उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवनाथराव बाहेर गेलेले बघून, मी दवाखान्यात फोन लावला. माझ्या नणंदेला हेच ऑपरेशन करायचंय, म्हटलं, पण ती मशेरी लावते, चालेल का. सिस्टरनी विचारलं, कोणती पद्धत. मी माझी सांगितली.

“मग तर मुळीच नको,” सिस्टर म्हणाल्या. “त्यातच कातडं सगळ्यात जास्त सुटं होतं. मशेरी सोडून निदान सहा आठवडे जाऊ द्या म्हणावं.”

फोन ठेवला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. वहीत ज्या पद्धतीला सगळ्यात जास्त गुण दिले, तीच माझ्यासाठी सगळ्यात वाईट होती. तीन दवाखाने, पाच रकाने, आणि सगळा हिशेब एका खोट्या उत्तरावर मांडलेला.

सोडायचा प्रयत्न केला. पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं, दूध उतू गेलं म्हणून नवनाथरावांवर ओरडले. ते म्हणाले, ऑपरेशनची धास्ती घेतलीस तू, आणि माझे पाय चेपत बसले. त्यांच्या त्या मायेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला.

मग मनाने पळवाटा काढायला सुरुवात केली. सगळ्यांचं कातडं थोडंच मरतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तारीख पुढे ढकलायची तर कारण सांगावं लागणार, आणि ते नवनाथरावांसमोर सांगावं लागणार. काळं पडलेलं कातडं आणि त्यांचा चेहरा यांत मी कशाला जास्त भीत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. दिवसातून दहादा कानामागे बोट फिरवायची. रोज दोनदा डबी उघडत होतेच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला आम्ही दवाखान्यात होतो. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं, पण मशेरी मी घरून लावूनच निघाले होते. मला हिरवा गाऊन घातला, स्टुलावर बसवलं. डॉ. निकम निळं पेन घेऊन माझ्या चेहऱ्यावर रेघा काढायला लागल्या. नवनाथरावांनाही आत बोलावलं, काप कुठे येणार ते दाखवायला. पेन थंड होतं. कानाच्या पुढून खाली, पाळीला वळसा, मग मागे. मागे आलं आणि त्या म्हणाल्या, इथलं कातडं जरा नाजूक असतं, इथे आम्ही फार जपतो.

ते ‘जपतो’ मला सोसलं नाही.

“मॅडम,” मी म्हणाले, “फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. तंबाखूच्या रकान्यात. मी मशेरी लावते.”

नवनाथराव हसले. अगदी मायेने हसले. “घाबरलीय ती, मॅडम. पळायला कारण काढतेय. आमच्या घरात तंबाखूचा कण सापडायचा नाही.”

मी शेजारच्या टेबलावरची पर्स ओढली, चेन उघडली आणि डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. दहा वर्षं सोडलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. त्यांनी झाकण लावलं आणि डबी तशीच हातात धरून उभे राहिले.

बाईंनी पेनला टोपण लावलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शेवटची कधी लावली ते विचारलं, मी म्हटलं, आज पहाटे. त्या म्हणाल्या की आज ऑपरेशन होणार नाही. सगळं सोडून दोन महिन्यांनी या, तेव्हाही वेगळी पद्धत घ्यावी लागेल. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. वाटलं, सुटले. आता घरी जाऊन जे ऐकायचं ते ऐकून घेऊ.

“पूड कुठे धरता?” बाईंनी विचारलं. मी खालच्या ओठाकडे बोट केलं. “उघडा तोंड.”

त्यांनी हातमोजा बदलला, टॉर्च घेतली आणि माझा खालचा ओठ बाहेर ओढला. एक बाजू पाहिली, मग दुसरी. दुसऱ्या बाजूला बोट थांबलं, परत तिथेच आलं, जरा दाबलं. दुखलं नाही. वर्षभर मी हा चेहरा आरशात बघत होते, प्रत्येक सुरकुतीवर बोट ठेवून. ओठ उलटून आत बघावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

“इथे पांढरा चट्टा आहे,” त्या म्हणाल्या. “कडक लागतोय. चेहऱ्याचं नंतर बघू. आधी याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आजच.”

मी नवनाथरावांकडे पाहिलं. ते पुढे आले, वाकले आणि टॉर्चच्या उजेडात माझ्या तोंडात बघायला लागले. इतक्या जवळून त्यांनी मला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या गालांवर निळ्या रेघा, ओठ डॉक्टरांच्या चिमटीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. पाहुण्यांसमोर मी त्यांना जे बोलले होते, ते त्यांना आठवत असणार.

“कधीपासून?” एवढंच त्यांनी विचारलं.

तोंड उघडं होतं, बोलता येत नव्हतं. मी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली, दहा वर्षं. मी मुठी मिटल्या आणि दहा बोटं पुन्हा दाखवली. मग आणखी एकदा. मग तीन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली, कारण हात खाली घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नव्हता.