मिस्टीकडे न पोचलेले भांडे

आमच्या टॉलर्स क्रीकमध्ये कुणाच्या घरी दुःख आले की शेजारी भांडे घेऊन पोचतात. चिकन-डंपलिंगचे, म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, भांडे ओट्यावर ठेवायचे, थोडा वेळ बसायचे आणि निघायचे. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात एवढी तरी रीत सगळे पाळतात. पण मी, ओपल स्टिल्टनर, डॉक्टरची बायको, मिस्टी लिलीकडे भांडे नेऊ शकले नाही.

मिस्टीच्या बाळंतपणात बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. माझ्या नवऱ्याने, डेल्मरने, बाळ ओढून काढले. पोरगी वाचली, पण तिचा डावा हात लुळा पडला. डॉक्टरवर दावा झाला तर भरपाई भरणाऱ्या विमा कंपनीचा वकील लगेच हजर. इस्त्रीचा शर्ट आणि इस्त्रीचाच चेहरा.

"डॉक्टर, त्या घरी जायचं नाही. फोन नाही, फुलं नाहीत. 'सॉरी' म्हणालात तर कोर्टात तो कबुलीजबाब ठरेल आणि कंपनी हात वर करेल."

"आणि डंपलिंग?" मी विचारले.

"तेही नाही, मॅडम."

विमा नसेल तर हॉस्पिटल डेल्मरला बाळंतपण करू देणार नव्हते, आणि या खोऱ्यात बाळंतपणे करणारा दुसरा कुणी नाही. तो गप्प बसला. मिस्टीही त्याच्याच हातावर जन्मलेली. दुकानात ती दिसली की हा कॉफीच्या डब्यांमागे तोंड लपवी. एकदा तिची आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बोलत नाही म्हणजे चोराच्या मनात चांदणं!" माझी जीभ काही कमी तिखट नाही, पण तिला कुलूप होते. पुढे मिस्टीने दावा लावला. मला राग आला, तो त्या इस्त्रीवाल्याचा.

हिवाळ्यात विधानसभेत सुनावणी लागली. डॉक्टरांवरच्या दाव्यांत भरपाईला मर्यादा हवी की नको, हा प्रश्न. राज्यभरचे डॉक्टर पांढरे कोट घालून राजधानीत जमले. डेल्मरच्या हातात वकिलाने लिहून दिलेले भाषण होते: लोभी वकील, खोटे दावे, गाव सोडून जाणारे डॉक्टर. त्यातले बरेचसे खरेही होते.

पण समोरच्या बाकांवर, डॉक्टरांवर दावे लावलेल्या लोकांत, मिस्टी बसली होती. मांडीवरची पोरगी उजव्या हाताने आपली टोपी ओढत होती.

डेल्मरने भाषणाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मिस्टी, तुझ्या लेकीचा खांदा अडकला तेव्हा मी घाबरलो. जोर जास्त लावला. माझं चुकलं, पोरी. आणि तुझ्या दारी आलो नाही, ते तर फारच चुकलं."

वकील अर्धा उठला. "डॉक्टर, खाली बसा!"

"बसतो की. बोलून झाल्यावर." मग तो आमदारांकडे वळला. "आत्ता बोललो ते उद्या माझ्याच गळ्यात अडकवतील. मर्यादा घालायची तर जरूर घाला. पण डॉक्टरला माफी मागता येईल, एवढं तरी करा. आम्ही तोंड शिवून बसतो, म्हणूनच निम्मी माणसं कोर्टात जातात."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. घर गेले तर जाऊ दे, म्हटले, नवरा असा असावा!

घरी येऊन मी आधी डंपलिंग रांधले. दार मिस्टीच्या आईने उघडले.

"फार उशीर केलास, ओपल."

"म्हणून तर मोठं भांडं आणलंय."

तिने मला आत घेतले.

मिस्टीने दावा मागे घेतला नाही. घेऊही नये, पोरीच्या उपचारांना पैसा लागणारच. कंपनीने हात वर करायची धमकी दिली, पण शेवटी कुरकुरत तो भरला आणि डेल्मरचा विमा बंद केला. पुढे कायदा झाला, त्यात डॉक्टरची माफी कोर्टात कबुलीजबाब धरायची नाही, हे कलमही आले. पण तोवर वर्षभर आमच्या बाळंतिणी डोंगर ओलांडून परक्या हॉस्पिटलात जात होत्या, आणि डेल्मर खोकलेवाल्यांच्या छात्या तपासत होता. शेवटी डॉक्टरांनी मिळून स्वतःची विमा संस्था काढली. तिने बरीच घासाघीस करून त्याला घेतले.

त्याच आठवड्यात मी डेल्मरच्या क्लिनिकमध्ये बाहेरच्या टेबलाशी बसले होते, तेव्हा दार उघडून मिस्टी आत आली. पोट चांगलेच पुढे आलेले.

"शहरातला मोठा डॉक्टर सुचवलाय मला सगळ्यांनी," ती म्हणाली.

"मग जा की," मी म्हटले.

"त्याचं काही चुकलं, तर तो मला सांगेल?"

मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. "डेल्मर! हात धुऊन ये. मिस्टी आलीय."