पडद्याबाहेर जाणारा चेंडू

मिरचीचं एक बी... कळफलकाच्या दोन बटणांमधल्या फटीत जाऊन बसलेलं. काल सकाळभर वर्षभराच्या मिरच्यांचे देठ खुडले होते, तेव्हाच बोटाला चिकटून आलं असणार. मोहिनीनं ते सुईनं उचकटून काढलं आणि तरी उगाच त्या फटीकडेच बघत राहिली, कारण मान वर केली की पडदा दिसणार होता, आणि पडद्यावर तो चेंडू — लाल, गोल, शहाणा — काठाला टेकून निमूट माघारी येत होता.

कालपर्यंत येत नव्हता. कालपर्यंत तो काठापाशी थांबायचाच नाही, सरळ बाहेर निघून जायचा, कुठे जायचा कोण जाणे... आणि तो माघारी कसा फिरवायचा, याच्या मागे ती कितीतरी दुपारी लागली होती.

सकाळी अजित पुण्याहून आला. आपल्या जुन्या कम्प्युटरवर आईनं काय मांडलंय ते त्यानं चहा पिता पिता पाहिलं, हसला, खुर्ची ओढली. "मम्मी, हाई ते दोन मिनिटनं काम शे. माले फोन करना व्हता ना." खटखट खटखट. प्रोग्राममधल्या तिच्या ओळी पुसून त्यानं आपल्या लिहिल्या, माघारी येणाऱ्या चेंडूकडे बोट दाखवत "दख, आते मांगे फिरस," म्हणाला आणि आंघोळीला गेला. पोरगं इतक्या मायेनं करून देतं, त्यावर रागवायचं तरी कसं? पण राग आला होता. गिळला तरी खाली उतरत नव्हता.

त्यानंच मागे तिला प्रोग्राम लिहायला शिकायचे व्हिडिओ लावून दिले होते. त्यातला माणूस भराभरा बोलायचा आणि त्याचं कधी काही चुकायचंच नाही. न चुकणारी माणसं घरात काय कमी होती? मग तिनं अजितचं कॉलेजातलं पुस्तक काढलं. त्यातलं एकेक अक्षर हुडकून दाबायचं, चालवून पाहायचं, आणि चाललं की एकच आकडा बदलायचा — आता काय बिघडतं? एकदा चेंडू ताटाएवढा झाला. एकदा हललाच नाही. एकदा सगळा पडदाच लाल... सासूबाई, शांतीबाई, जेवून निजल्या की हा उद्योग. भाकरी करपली तर शांतीबाईंना खाटेवर पडल्या पडल्या वासावरून कळायचं. त्यांच्या औषधाची वेळ टळली तर नवरा, हेमकांत, जेवताना पुन्हा पुन्हा विचारायचा. लग्न होऊन आल्यापासून तिचं चुकलेलं दर वेळी कोणाला ना कोणाला कळलंच होतं. इथे दिवसाकाठी ढीगभर चुका व्हायच्या आणि घरात कोणी ब्र काढायचं नाही. इथे चुकायचं सुख होतं, बाई. पण हे सांगणार कोणाला, आणि सांगितलं तर हसणार नाहीत का?

तिनं अजितच्या ओळी पुसल्या. हलक्या हातानं, चोरी करावी तशी. आता आपलं लिहायचं... आणि बोटं थांबली. काय लिहिलं होतं आपण? काठ आला की... की काठ यायच्या आधी? बरोबर काय ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, ते डोक्यातून जाईना. आणि आपली चूक, इतके दिवस उराशी धरलेली, हक्काची — तीच आठवेना. तिला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडायचं, असंही वाटलं.

"मोहिनी, काय करी ऱ्हायनी वं? पानी दे." शांतीबाईंची खाटेवरून हाक.

पाणी दिलं. उशी सारखी केली. परत येऊन बसते तो अजित ओल्या केसांनी मागे येऊन उभा. "पुसाई गयं का? थांब, परत करी देस. पुढलं बी करी देऊ का?"

हो म्हटलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं.

"नको," ती म्हणाली. "मन्हं माले चुकू दे."

तो हसला, गंमत वाटली असावी त्याला. तिला वाटलं होतं, एकदा बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही, राग होता तिथेच होता. अजित गेलाही नाही — पाठीशी उभाच राहिला, आई काय करते ते बघत... आणि इतक्या दिवसांत या खुर्चीवर कधी न वाटलेली लाज तिला वाटू लागली. उठावं, झालं. भाजी निवडायची राहिलीच होती. पण ती उठली नाही. त्याच्या देखत तिनं एक अक्षर दाबलं, मग दुसरं. बरोबर की चूक, तिला ठाऊक नव्हतं.