माझा चाप ओढू नका

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझी जात थ्री नॉट थ्री. तुमच्या आजोबांनी पोलिसांच्या खांद्यावर माझ्या बहिणी पाहिल्या असतील. रायफल म्हटलं की लोक चार पावलं मागे सरतात, आणि ते बरोबरच आहे. पण रायफलही घाबरते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मी घाबरते. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझी भीती मरणाची नाही. ती कशाची आहे, ते कळायला माझी सगळी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म बंगालमधल्या एका कारखान्यात झाला. पोलादाची नळी, अक्रोडाचा दस्ता आणि दोन्ही ठिकाणी ठोकलेला एकच नंबर. तो नंबर म्हणजे माझं नाव. काडतूस आत ढकलून मागून दार लावावं तसा बंद होणारा जो भाग असतो, त्याला बोल्ट म्हणतात. माझ्या बोल्टवरही तोच नंबर होता. आम्ही दोघं एकमेकांसाठी घासूनपुसून बसवलेले होतो, दुसऱ्या कुणाचा बोल्ट मला चालला नसता.

उमेदीची वर्षं मी बर्फाळ ठाण्यांवर काढली. पहारेकरी मला अंथरुणात घेऊन झोपत. गोळ्या झाडून झाडून माझी नळी झिजली, तेव्हा तोच नंबर ठोकून नवी बसवली; पण माझ्या आतली जागाही हळूहळू झिजत गेली. बोल्टला मागून घट्ट धरणारे पोलादाचे खांदे खचले. एके दिवशी शस्त्रं तपासणाऱ्या जवानाने माझ्यात गेज, म्हणजे झीज मोजायचा मापाचा तुकडा घातला आणि बोल्ट लोटला. गेज आत असताना तो बंद व्हायला नको होता. अगदी सहज बंद झाला. जवानाने मान हलवली. हिच्यातून आता बार काढला तर काडतूस मागच्या बाजूला फुटेल आणि नेम धरणाऱ्याचं तोंड भाजून निघेल, असं त्याने साहेबांना सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या मनात जी धडकी बसली, ती बसलीच.

त्यांनी मला टाकून मात्र दिलं नाही. काडतुसावर आदळणारी बोल्टची सुई कापली, म्हणजे बार सुटायलाच नको. अंगावर ‘डीपी’ अशी अक्षरं ठोकली. त्याचा अर्थ फक्त कवायतीसाठी. दस्त्यावर बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा रंगवला आणि मला साताऱ्याच्या एका कॉलेजात एनसीसीच्या पोरांकडे पाठवलं. मराठी मी तिथेच शिकले, त्यातल्या निम्म्या शिव्या होत्या. फार सुखाचे दिवस होते ते. पोरं मला खांद्यावर घेत, आपटत, तेल लावत, आणि माझ्याकडून कुणाला इजा होणार नाही हे मला ठाऊक होतं. पांढऱ्या पट्ट्याकडे पाहून एक मुलगी म्हणाली होती, “ही पेन्शनर दिसतेय.” मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मग कवायतीला नव्या, नकली लाकडी रायफली आल्या आणि आम्ही जुन्या लिलावात निघालो. कुठल्या कुठल्या देशांतून, कुणाकुणाच्या हातांतून मी फिरले. त्यातल्या एका व्यापाऱ्याने जे केलं, ते मी विसरणार नाही. त्याने माझा सुई कापलेला बोल्ट फेकून दिला, दुसऱ्याच कुठल्या रायफलीचा बोल्ट माझ्यात बसवला आणि त्यावर माझा नंबर ठोकला. पोलादावर दिसणारी ‘डीपी’ अक्षरंही त्याने घासून काढली. आता मी पुन्हा बार काढू शकत होते. पण पांढरा पट्टा अजून शाबूत होता. निदान तो पाहून तरी कुणी शहाणं माणूस थांबेल, एवढ्या आशेवर मी आखाती देशातल्या जबल अली बंदरात उतरले.

तिथे आमची सगळी खेप सत्यजितच्या ताब्यात आली. सत्यजित मूळचा पुण्याचा, अल मनखूलला राहतो, तिथल्याच एका परवानेवाल्या कंपनीसाठी जुना लष्करी माल आणतो. माणूस वाईट नाही. पण गालिचे असोत की झुंबरं, माल चमकला की विकतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्याने आमचे लाकडी दस्ते उतरवून अल कुसैसच्या एका फर्निचर पॉलिशवाल्याकडे दिले. आठवडाभराने माझा दस्ता परत आला तो आरशासारखा. पट्टा गेला होता. माझ्याबद्दल जगाला सावध करणारी शेवटची खूण एका पॉलिशपेपरने खाऊन टाकली होती, आणि आजूबाजूचे लोक म्हणत होते, काय सुंदर दिसतेय ही.

घेणारा होता वाळवंटातला एक नेमबाजी क्लब. क्लबचे अर्बाब, म्हणजे मालक, बू राशिद. शुक्रवारी त्यांच्याकडे जुन्या रायफलींची स्पर्धा होती. खरेदी बघायला त्यांनी खैरुद्दीनला पाठवलं. खैरुद्दीन श्रीवर्धनकडचा, बू राशिदच्या शस्त्रांच्या दुकानात त्याची उभी हयात गेलेली. बरोबर त्याची मुलगी मुनिबा होती. ती इथेच जन्मली, इथेच वाढली आणि आता त्याच क्लबात नेमबाजी शिकवते. शुक्रवारी जी रायफल पसंत पडेल, ती मुनिबाच वापरणार होती.

हे कळलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. तोवर माझी भीती कुणा अनोळखी माणसासाठी होती. आता त्या भीतीला चेहरा आला होता. गोल, हसरा, उजव्या गालावर तीळ असलेला. तो गाल माझ्यावर टेकणार होता.

खैरुद्दीनने मला उचललं आणि मी मनातल्या मनात त्याला विनवू लागले. बाबा रे, नीट बघ. माणूस कामात पक्का होता, हे कबूल करायला हवं. त्याने नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. आतल्या पिळदार चऱ्या स्वच्छ, धारदार. त्याने काडतुसाचं टोक नळीच्या तोंडात घालून पाहिलं, ते किती आत जातं यावरून झीज कळते. ते जेमतेम शिरलं. तो खूश झाला. त्याला कोण सांगणार, की ही नळी माझ्यात उशिरा बसवलेली, आणि कवायतीच्या रायफलीतून वर्षानुवर्षं गोळीच सुटलेली नसते, तर ती झिजणार कशी? मग त्याने नंबर ताडून पाहिले. नळीवर, बोल्टवर, सगळीकडे एकच.

“मॅचिंग आहे,” तो म्हणाला. “मॅचिंग माल मिळत नाही हल्ली. कितीला?”

“सहा हजार दिरहम, काका. म्हणजे आपले दीड लाखाच्या आसपास रुपये,” सत्यजित म्हणाला. “तुमच्यासाठी म्हणून. पॉलिश बघा ना कसं आहे.”

“पॉलिशचेच पैसे कमी कर. जुन्या रायफलीला कुणी फर्निचर करतं का? ओरिजिनल लाकूड असतं तर दुप्पट दिले असते.”

“अब्बा, गेज?” मुनिबाने विचारलं.

“या मापाची कस्टममध्ये अडकलीय, बेटा. पुढच्या हप्त्यात सुटेल, इन्शाल्ला.”

“मग आपण वेट करू या.”

“काका, अर्बाबचा सकाळपासून दोनदा फोन आलाय,” सत्यजित मध्येच म्हणाला. “रेंजवर न्या, दोन राउंड मारून बघा, खलास. याच्यापेक्षा मोठी टेस्ट कुठली?”

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी किंचाळले असते. दोन राउंड ही टेस्ट नव्हे. खचलेली वस्तू पहिल्या फटक्यात मोडतेच असं नाही. ती एकदा साथ देते, दोनदा देते, आणि माणूस बेसावध झाला की घात करते.

तरी खैरुद्दीनने एक सावधगिरी बाळगली. रेंजवर त्याने मला एका जुन्या टायरला आवळून बांधलं, चापाला लांब दोरी लावली आणि भिंतीआडून ओढायचं ठरवलं. सत्यजित हसला. “काका, तुम्ही पण ना.” मी मात्र त्या दोरीला मनोमन हात जोडले. फुटायचंच असेल तर आत्ता फुटू दे, जवळ कुणी नाही तोवर, एवढंच माझं मागणं होतं.

दोरी ओढली गेली. धाड. माझ्या आत काहीतरी मागे सरकलं, ताणलं गेलं, पण तुटलं नाही. गोळी सरळ जाऊन मातीच्या बांधात घुसली. दुसऱ्यांदा दोरी ओढली. धाड. पुन्हा सुखरूप. माझं मागणं फुकट गेलं होतं.

“बघा,” सत्यजित म्हणाला. “काय झालं? काहीच नाही. यल्ला, चला, पेपर बनवू?”

खैरुद्दीनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने मला टायरवरून सोडलं आणि स्वतःच्या हाताने लेकीकडे दिलं. “तू एक मारून बघ. खांद्याला कशी बसते ते सांग.”

मुनिबाने कानांवर संरक्षक चढवले, अब्बाचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक कान जरा उघडा ठेवला आणि चटईवर पालथी झोपली. तिने तिसरं काडतूस आत घातलं. बोल्ट लोटला. तो लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. तिच्या कपाळाला आठी पडली.

“अब्बा, इट्स टू स्मूद.”

“साफ केलीय ना, म्हणून.”

तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला. गरम, जिवंत गाल. तिचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता. नेम धरताना ती श्वास अर्धवट सोडून थांबली, आणि तिचं बोट चापाकडे गेलं. मी पोलादाची आहे, पण त्या क्षणी माझ्यात काही उरलं नव्हतं.

खैरुद्दीनला एक सवय होती. रेंजवर सुटलेलं एकही पितळी टरफल तो मागे ठेवत नसे, कारण सगळी मोजून परत करावी लागतात. तो वाकला आणि माझ्यातून आधी बाहेर पडलेलं एक टरफल उचलून सहज बोटांत फिरवलं.

टरफलाच्या बुडाजवळ एक बारीक चमकदार रेघ होती, गोल फिरलेली. ताणून ताणून पितळ तिथे फाटायला आलं होतं. मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण मला जे जीव तोडून सांगायचं होतं, ते त्या टरफलावर उमटलं होतं, आणि ते वाचू शकणारा माणूस पाच पावलांवर उभा होता.

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्याने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला असता तर सगळं संपलं असतं. चापावर बोट असलेलं माणूस दचकलं की बोट आपोआप आवळतं. हे त्याला माहीत होतं. त्याने ओठ घट्ट मिटले. मग तो रोज जेवायला हाक मारतो तशाच आवाजात म्हणाला, “मुनिबा. बेटा, बोट बाहेर काढ.”

ती हलली नाही. तिने ऐकलं की नाही, कळेना. ती वाट पाहण्याची जी घटका होती, तशी मी बर्फातल्या ठाण्यावरही कधी सोसली नाही.

“बोट बाहेर. आता गाल उचल. हळू. बोल्ट उघड.”

तिने ऐकलं होतं. बोट सरळ झालं. गाल उचलला गेला. काडतूस बाहेर पडून चटईवर घरंगळलं.

“व्हॉट हॅपन्ड?” ती उठून बसत म्हणाली.

खैरुद्दीनने ते टरफल दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवलं. रेघेवर त्याचे दोन तुकडे झाले. ते त्याने तिच्या तळहातावर ठेवले. ती नेमबाजी शिकवणारी मुलगी होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या वेळी हे आत तुटलं असतं आणि सगळी आग मागे आली असती.

मग त्यांनी माझं लाकूड उतरवलं. दस्त्याच्या आतल्या खाचेत पॉलिशपेपर पोचला नव्हता, तिथे पांढऱ्या रंगाचा ओघळ होता. नळीच्या वरच्या लाकडाखाली ‘डीपी’ ही अक्षरं जशीच्या तशी होती. सत्यजित ती बघत राहिला.

“तो पांढरा पट्टा मीच काढायला लावला,” तो म्हणाला. “घाण दिसत होता, काका. मला वाटलं कुणीतरी रंग सांडलाय.”

त्याच्यावर चिडावं इतकंही त्राण खैरुद्दीनमध्ये नव्हतं. तो लेकीजवळ वाळूत बसला. त्याने तिच्या उजव्या गालावर हात ठेवला, त्या तिळावर, आणि तो हात त्याला काढवेना.

“अब्बा, आय अॅम फाइन.”

“मी माझ्या हाताने दिली तुला,” तो म्हणाला. “बांधलेली होती ती. मी सोडली आणि तुला दिली.” एवढं बोलून तो रडला. सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

बू राशिदनी सगळा माल परत पाठवला. मला तेवढं ठेवून घेतलं. माझी नळी आता वितळवलेल्या पोलादाने बंद केली आहे, आणि माझी किंमत भंगाराएवढी आहे. त्याचं मला दुःख नाही. भीती मात्र गेलेली नाही. त्या व्यापाऱ्याकडे माझ्यासारख्या कितीतरी होत्या, आणि त्या आज कुणाच्या खांद्याला लागल्या आहेत, हे मला माहीत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते. जुनी वस्तू घेताना तिच्या चमकण्यावर भुलू नका. ती नको इतकी नवी दिसली तर आधी थांबा, आणि तिच्या अंगावरचं काय पुसलं आहे ते विचारा. जुन्या वस्तूला जपायचं असेल तर तिच्या खुणांसकट जपा. घाई करणाऱ्याला खुशाल वाट पाहू द्या. आणि बार दोनदा नीट सुटला, एवढ्यावर तिसऱ्यांदा आपल्या लेकीला माझ्यामागे आडवं करू नका.